दक्षिणमुखी थांबा

२ सप्टेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. वाचणार कोणी नाही, पण मोठ्या कामाच्या तारखा लिहून ठेवलेल्या बऱ्या.

संकल्प तीन. एक, रोज लिहायचं. दोन, ऑफिसला ट्रॉलीबसनेच जायचं. तीन, प्रोजेक्टवरून ताजीगुलशी वाद घालायचा नाही.

प्रोजेक्ट म्हणजे चार नंबर ट्रॉलीबसचा मॉडेल थांबा. आमच्या कारा-तेरेक शहरात एकेकाळी ट्रॉलीबसचे सहा मार्ग होते, आता हा एकच उरलाय. तारा जुन्या झाल्यात. नव्या घालायच्या की काढून टाकून डिझेलच्या बस आणायच्या, हे हिवाळ्यात पाच जणांची समिती ठरवणार. त्यात एक मी, नगररचना विभागाचा वास्तुतज्ज्ञ. माझी बायको ताजीगुल तेवीस वर्षं चार नंबर चालवतेय. मार्ग बंद झाला तर डेपोला कुलूप आणि तिची पेन्शन दोन वर्षं कमी पडल्याने हुकली. पण ती वेळ येणार नाही. समितीत मी आहे.

आज गाडीने गेलो. नकाशांची गुंडाळी होती बरोबर.

३ सप्टेंबर

आज गुंडाळी नव्हती, पण ट्रॉलीबस निघून गेली होती. गाडीने गेलो. सोमवारपासून नक्की.

५ सप्टेंबर, गुरुवार

डिझाइन पूर्ण. सिमेंट नाही, पत्रा नाही. माती, गव्हाचा भुसा, पाणी. आज्यापणज्यांची कच्ची वीट. रस्त्याकडची भिंत अर्धा मीटर जाड आणि सलग. तोंड दक्षिणेला. आमच्या थंड मुलुखात घराचं तोंड दक्षिणेलाच असतं. हिवाळ्याचं ऊन थेट आत येतं, उत्तरेचा वारा पाठीवर अडतो. उणे पंधरातही आत शेगडी लागणार नाही. हिशेब तीनदा तपासला.

विभागप्रमुख शार्शेनोव साहेबांनी ड्रॉइंग बघितलं आणि रस्ता कुठे आहे असं विचारलं. मी दाखवला. उत्तरेला, भिंतीच्या मागे. बरं म्हणाले, सही केली. माझ्या कामात ढवळाढवळ करत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

घरी ताजीगुलनेही बघितलं. आत बसलेल्या माणसाला गाडी आलेली दिसणार कशी, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, लोक टाइमटेबल बघून येतील. त्यावर ती जरा जास्तच हसली. चार नंबरला टाइमटेबल आहे हे तिला तेवीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं म्हणे. मग भिंतीला एक खिडकी पाड म्हणून मागे लागली. खिडकीने अठरा टक्के ऊब जाते. आकडे दाखवले. ती भांडी घासायला गेली.

याला वाद म्हणता येणार नाही.

१४ सप्टेंबर, शनिवार

विटांसाठी ऑफिसचं शनिवारचं श्रमदान. चाळीस जणांना हुकूम होता, एकोणीस आले. अकाउंट्सच्या बायका चांगले बूट घालून आल्या होत्या. त्यांनी चिखलाकडे बघितलं, मग पुलावाच्या कढईकडे बघितलं, आणि कढईपाशी बसल्या. कढई रिकामी झाल्यावर सहा जण उरले.

समोरच्या गल्लीतले आजोबा, मामिर अता, मात्र आपणहून आले. वय एकोणऐंशी. बूट काढले, विजार गुडघ्याच्या वर खोचली आणि चिखल तुडवायला लागले. तुडवता तुडवता म्हणाले, पोरा, विटा पाडायच्या जुलैत, आता वाळायच्या कधी? मला माहीत होतं. पण फाइल ऑगस्टअखेरीला मंजूर झाली. फाइलला ऋतू कळत नाहीत, हे अतांना कसं सांगणार.

नऊशे विटा हव्यात. दोनशे दहा झाल्या.

२८ सप्टेंबर

पाऊस. शंभर विटा विरघळल्या. याचा अर्थ त्या पूर्णपणे निसर्गात परत जाणाऱ्या आहेत. रिपोर्टमध्ये ही बाजू घ्यायला हवी.

१० ऑक्टोबर, गुरुवार

विटांचा प्रश्न सुटला. डेपोच्या बॉयलरखोलीत वाळवायची माझी कल्पना. म्हणजे मी जागा नाही असं म्हणालो, आणि ताजीगुल म्हणाली डेपोत आहे. तिथल्या नऊ ड्रायव्हर बायका ड्यूटी संपली की जाऊन एकेक वीट उलटवतात. दोघीतिघी तर घरून भुसा घेऊन आल्या. आपला मार्ग वाचणार म्हणून करतायत, असं ताजीगुल म्हणाली. मार्ग वाचणार याची तिला खात्री आहे का, असं मी विचारलं. ती म्हणाली, तुम्ही म्हणताय ना.

विटा साइटवर आल्या त्याही ट्रॉलीबसमधून, रिकाम्या फेरीत, सीटांवर वर्तमानपत्र घालून. धूर नाही, डिझेल नाही. कल्पना माझीच नोंदवली.

२ नोव्हेंबर, शनिवार

उद्घाटन. शार्शेनोव साहेबांनी फीत कापली आणि दार कुठे आहे असं विचारलं. दार नाही, उघडी बाजू मागे आहे. तिकडून शेताचा जुना पाट जातो, त्यावर मी फळी टाकून घेतलीये. साहेबांचा एक बूट पाटात गेला. पण आत आल्यावर त्यांनी कोटाची बटणं सोडली. बाहेर चार डिग्री, आत एकोणीस. थर्मामीटर मी स्वतः धरला होता. पाऊण तास सगळे आत ऊन खात बसले होते. नंतर कळलं, तेवढ्यात दोन ट्रॉलीबस येऊन गेल्या. कोणाला ऐकूसुद्धा आल्या नाहीत. आवाज अडवण्याचा हिशेब मी केलाच नव्हता. हा जादाचा फायदा.

मामिर अता सगळीकडून हात फिरवून म्हणाले, घर झकास झालंय, आता एक दार बसवून टाक आणि कोणाला तरी राहायला दे.

आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. इतकी वर्षं ताजीगुल मला ‘नकाशा’ म्हणायची. आजपासून ‘भिंत’ म्हणते. लक्ष दिलं नाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून ट्रॉलीबस ठरलं होतं. पण थांब्याचं निरीक्षण करायचं तर आडोसा लागतो, आणि आडोसा म्हणजे गाडी. सकाळी सात ते साडेआठ गाडीत बसून निरीक्षण.

लोक थांब्यात बसत नाहीत. पलीकडे वीस पावलांवर पॉपलरच्या झाडाखाली उभे राहतात. कोळशाच्या धुरात खोकतात, पाय आपटतात, पण तिथेच. ट्रॉलीबसही तिथेच थांबते. कारण: सवय. माणसाला सुख दिलं तरी ते कसं घ्यायचं हे शिकवावं लागतं. ‘कृपया आत बसावे’ असा बोर्ड त्या झाडाला लावून घेतला.

२६ नोव्हेंबर

बोर्डाला लोक पिशव्या अडकवतात.

९ डिसेंबर, सोमवार

डेपोला लेखी हुकूम काढून घेतला. झाडाखाली गाडी थांबवायची नाही. मॉडेल थांब्यावर प्रवासी दिसला तरच थांबायचं. शिस्त लागल्याशिवाय आकडे सुधारत नाहीत. शार्शेनोव साहेब म्हणाले, नक्की ना? मी म्हटलं, नक्की.

घरी ताजीगुलला दाखवला. हुकमाची प्रत तिने फ्रिजवर लावलीये.

२० डिसेंबर, शुक्रवार

हुकमाचा परिणाम बघितला. उणे अकरा. झाडाखालचे लोक गेले. काही शाळेच्या थांब्यावर जातात, बरेच खाजगी व्हॅन पकडतात. व्हॅनवाले हात केला की कुठेही थांबतात. बेशिस्त.

आत दोन बायका आणि मामिर अता होते. पहिली ट्रॉलीबस न थांबता गेली. दुसरीही. ड्रायव्हरला भिंतीपलीकडची माणसं दिसली नाहीत, असं म्हणता येईल. तिसरी ताजीगुलची. तिने गाडी थांबवली, लांब हॉर्न दिला, ब्रेक लावून खाली उतरली, भिंतीला वळसा घालून फळीवरून आत गेली आणि त्या दोघींना बाहेर घेऊन आली. एकीच्या हातातली पिशवीही घेतली. एकूण एक मिनिट चाळीस सेकंद उशीर.

घरी तिला हे मोजून सांगितलं. ती म्हणाली, मोजलंत ना, मग मदतीलाही यायचं होतं. गाडीतच बसला होतात, काचेवर वाफ धरली होती.

ती रोज असं करते, असं नंतर तिच्या मैत्रिणीकडून कळलं. पगारात उशिराची नोंद होते. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटेल.

८ जानेवारी, बुधवार

समितीची बैठक. प्रवासी मोजणी तीन दिवस, एकाच ठिकाणी. ट्रॉलीबसला गर्दी दिसली तर नव्या तारा, नाहीतर बंद. कुठे मोजायचं हा प्रश्न होता. शार्शेनोव साहेबांनी बाजार सुचवला. दुसरा कोणी हॉस्पिटल म्हणाला. तिथे सकाळी पायरीवर पाय ठेवायला जागा नसते, हे मलाही माहीत आहे. पण गर्दी दाखवून काय सिद्ध होणार? मी उभा राहिलो आणि मॉडेल थांबा सुचवला. साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, एर्मेक, पुन्हा एकदा विचार करा. मी विचार केलाय म्हटलं. त्यांच्या नजरेत मला कौतुक दिसलं.

त्याच बैठकीत मी आणखी एक गोष्ट केली. माझी बायको या मार्गावर आहे, उद्या कोणी बोट दाखवायला नको, म्हणून मोजणीच्या तीन दिवसांत तिला सुट्टी द्यावी असा अर्ज दिला. सगळे गप्प झाले. तत्त्वाची गोष्ट कानावर पडली की लोक असेच गप्प होतात.

ताजीगुलला रात्रीच्या जेवणात सांगितलं. ती नान मोडत होती, ती थांबली. म्हणाली, तिथे हॉर्न देऊन खाली उतरणारी मी एकटीच आहे, बाकीच्यांना उशिराचा दंड नको असतो, हे माहीत आहे ना तुम्हाला? मी तत्त्व समजावून सांगितलं. तिने नानचा तुकडा परत रुमालात ठेवला.

२१ जानेवारी, मंगळवार. मोजणी, पहिला दिवस

मोजायला झुराकान एजे, म्हणजे सगळ्यांच्या ताई. गणिताच्या निवृत्त शिक्षिका, अर्धं शहर त्यांच्या हातून शिकलेलं, मीसुद्धा. घडीचं स्टूल, चहाचा थर्मास, पेन्सिल बांधलेली वही. उणे चौदा. नियमाप्रमाणे त्या रस्त्याच्या बाजूला बसल्या. आत बसा म्हटलं तर म्हणाल्या, आत बसले तर गाडी कुठून दिसणार?

चढलेले प्रवासी: शून्य.

पहिला दिवस असतो तसाच होता.

२२ जानेवारी. दुसरा दिवस

शून्य.

सकाळी चार जण आत गेले. उबेत बसले, ट्रॉलीबस गेली, बाहेर येऊन बघितलं, तिघांनी व्हॅन पकडली. चौथा परत आत गेला. मामिर अता दोन्ही दिवस सकाळपासून आत आहेत. त्यांना विचारलं, अता, कुठे जायचंय? म्हणाले, कुठे जाऊ, घरचा कोळसा संपलाय, इथे बरं वाटतं. चढत नसल्यामुळे त्यांना मोजता येत नाही. मी झुराकान एजेंना नियम बघायला सांगितला. त्यांनी बघितला. नाही येत.

ताजीगुल घरी आहे. सकाळपासून कपाटं घासतेय.

२३ जानेवारी, गुरुवार. तिसरा दिवस

आज ठरवलं, स्वतः प्रवासी व्हायचं. फसवणूक नाही, मला खरोखरच ऑफिसला जायचं होतं. फळीवरून आत गेलो, अतांच्या शेजारी बसलो. उबदार होतं. मी बनवलेल्या कुठल्याच वास्तूत मी इतका वेळ बसलो नव्हतो. ऊन गुडघ्यांवर आलं. अतांनी खिशातला कुर्तचा, वाळवलेल्या आंबट दह्याचा, खडा दिला, तो चघळत बसलो. समोर पाट, पाटात बर्फ. कशाचाही आवाज नाही.

बऱ्याच वेळाने झुराकान एजे कोपऱ्यावरून डोकावल्या. ट्रॉलीबस येऊन गेली होती. एक नाही, तीन.

चौथी आली तेव्हा त्यांनी हाक मारली. फळीवरून धावलो. बर्फावर पाय सरकला. कोपऱ्यावर आलो तेव्हा ती शाळेपर्यंत पोचली होती. तिथे वीसेक माणसं चढताना दिसली.

झुराकान एजेंनी तिसरं शून्य लिहिलं, शाळेत लिहायच्या तसं गोल आणि सुबक. म्हणाल्या, एर्मेक, उत्तर शून्य आलं की मी तुम्हाला काय करायला सांगायचे? मांडणी तपासा म्हणायचे ना?

मी तिथे उभा राहिलो. भिंतीला हात लावून बघितला. सरळ, ओळंब्यात, अर्धा मीटर. मांडणी कुठे चुकली हे मला त्या क्षणी दिसत होतं. अजूनही दिसतंय. त्याचं काहीच वाटलं नाही. गाडीने ऑफिसला गेलो.

२९ जानेवारी, बुधवार

अहवाल तयार. निष्कर्ष: चार नंबरला प्रवासी नाहीत, मार्ग बंद करावा. पाचही सह्या लागतात. एक जरी अडली तरी लेखी कारण द्यायचं, आणि कारण पटलं तर नव्या जागी फेरमोजणी. चार सह्या झाल्यात.

शार्शेनोव साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं, चहा मागवला. त्यांना मी नेहमीच सरळ माणूस म्हणत आलोय. म्हणाले, “एर्मेक, एकच ओळ लिहा. थांब्याचं तोंड चुकीच्या बाजूला आहे. बाकी मी बघतो, बाजारात परत मोजू. तुमच्या बायकोची नोकरी आहे त्यात.”

मी दोन दिवस मागितले.

३० जानेवारी

ओळ लिहायला बसलो. पहिला मसुदा: ‘प्रवाशांच्या सवयी थांब्याच्या दिशेशी सुसंगत नव्हत्या.’ दुसरा: ‘थांबा काळाच्या पुढे असल्याने.’ तिसरा: ‘हवामान.’ साहेबांना तिन्ही दाखवले. म्हणाले, यातलं एकही कारण नाही, माझी ओळ लिहा. पाच शब्दांची होती. मोजली.

माझ्या नोकरीला एकतीस वर्षं झाली. आतापर्यंत मी लिहिलेल्या कागदांवर ‘माझी चूक’ हे शब्द एकदाही आलेले नाहीत.

३१ जानेवारी, शुक्रवार

अहवाल शेवटपर्यंत वाचला. परिच्छेद चार: ‘मॉडेल थांब्याची रचना ऊर्जाबचतीच्या दृष्टीने पूर्णपणे यशस्वी ठरली आहे. वास्तुतज्ज्ञ एर्मेक यांचे समिती अभिनंदन करते.’

तो परिच्छेद दोनदा वाचला. माझी ओळ जोडली असती तर तो काढावा लागला असता.

दुपारी तीन वाजता सही केली. साहेबांनी कागद घेतला. चहा मागवला नाही.

ताजीगुलला सोमवारी सांगेन. शनिवार-रविवार तिचा खराब कशाला करायचा.

२ फेब्रुवारी, रविवार

तिला कळलंच होतं. डेपोत शुक्रवारीच सगळ्यांना कळलं. दोन दिवस तिने मला विचारलं नाही, मी सांगतो का ते बघत असावी. आज सकाळी टेबल पुसता पुसता तिने विचारलं, “एकच ओळ लिहायची होती ना?”

हो म्हटलं.

“कुठली?”

सांगितली. थांब्याचं तोंड चुकीच्या बाजूला आहे. चहा मागावा तितक्या सहज तोंडातून निघाली.

ती हातातलं फडकं तसंच धरून उभी राहिली. म्हणाली, “येते की सांगता. नऊ बाया विटा उलटत होत्या, भिंत. हाताला भेगा पडल्या त्यांच्या. त्यांच्यासाठी नाही, निदान माझ्यासाठी तरी सांगायची होतीत. शुक्रवारी.”

मी म्हटलं, शुक्रवारी ती कागदावर लिहायची होती, बोलायची नव्हती. दोन्हींत फरक आहे. तो समजावून सांगायला सुरुवात केली. ती ऐकत होती की नाही कळलं नाही. तिने फडकं पिळलं, वाळत घातलं, कोट चढवला आणि दुपारच्या पाळीला गेली. तिचे ते शेवटचे काही दिवस आहेत.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

चार नंबरची शेवटची फेरी. ड्रायव्हर बायकांनी मिळून गाड्या धुतल्या, असं ऐकलं. जायचं होतं. मीटिंग लागली. मीटिंग रद्द झाली. मग उशीर झाला होता.

१ मार्च, शनिवार

पहाटे साडेचारला ताजीगुल उठली. सवयीने. अंधारात युनिफॉर्मचं जाकीट घातल्याचा आवाज आला, मग काढल्याचा. स्वयंपाकघरात दिवा लागला. किटली वाजली. ती टेबलाशी बसलेली दारातून दिसत होती. कुठेही जायचं नव्हतं.

उठून तिच्यासमोर जाऊन बसावं असं वाटलं. बोललो नाही तरी चाललं असतं. पाय खाली ठेवले. फरशी गार होती. पाय परत वर घेतले, डोळे मिटले आणि उजाडेपर्यंत झोपल्यासारखा पडून राहिलो.

तिला वाटलं असेल मी झोपलोय. मला वाटतं, तिला तसंच वाटलं असेल.